स्फुरदाचे कुलूप : पेण-रोह्याची माती आणि आपली माती

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठक कपाशी आणि ज्वारीवाल्यांची, आणि आम्ही बोलणार पेण-रोह्याच्या भातावर. काहींना वाटेल, हे भलतेच. तिकडे वर्षाला शंभर-सव्वाशे इंच पाऊस, इकडे मृग कोरडा गेला की दुबार पेरणीची धास्ती. तिकडे जांभ्याची तांबडी माती, इकडे काळी. तिकडच्या शेताला चिखल लागतो, आपल्याला वाफसा. मग त्यांचे आपल्या काय कामाचे?

कामाचे एवढ्यासाठी, की त्यांची आणि आपली दुखणी वेगळी दिसली तरी मूळ एकच आहे. दोन्हीकडे शेतकरी पैसे मोजून स्फुरद विकत घेतो, मातीत टाकतो, आणि माती ते गिळून बसते. टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या तोंडी साधारण १५ ते २० टक्के लागते. म्हणजे शंभर रुपयांच्या स्फुरदातले वीस रुपये पिकाला आणि ऐंशी रुपये मातीच्या पेवात. हे पेव बुडीत खाते नाही, त्यातले थोडे थोडे पुढच्या वर्षी निघते. पण सावकाराचे व्याज पुढच्या वर्षाची वाट पाहत नाही. म्हणून हा विषय शास्त्राच्या पुस्तकातला नाही, कर्जाच्या वहीतला आहे.

कुलूप कसले?

नत्र वाहून जाते, उडून जाते. स्फुरदाचे तसे नाही. ते फार हलत नाही. दाणा जिथे पडला तिथून ते दोन-चार मिलिमीटर सरकले तरी पुष्कळ. मुळाने त्याच्यापर्यंत जायचे असते, ते मुळाकडे येत नाही. आणि मूळ पोचण्याआधी मातीतले दुसरे कोणीतरी त्याला धरून ठेवते.

कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत त्याला धरणारे असतात लोह आणि ॲल्युमिनियम. आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत, जिचा सामू आठाच्या आसपास किंवा वर असतो, तिथे धरणारा असतो चुना. कुलूप दोन्हीकडे आहे, किल्ल्या मात्र वेगळ्या. हे ध्यानात न घेता एकीकडची शिफारस दुसरीकडे उचलली, की फसगत ठरलेली. माती तपासण्याची रीतसुद्धा म्हणूनच वेगळी असते. आंबट मातीला ब्रे यांची पद्धत, आपल्या मातीला ओल्सन यांची.

राबापासून चारसूत्रीपर्यंत

पेण, रोहा, सगळ्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात भाताचे रोप करण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत म्हणजे राब. ऐन-किंजळाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर रोपाच्या जागेवर पसरायचे आणि पावसाआधी जाळायचे. साहेबाच्या राज्यात याला रानटी रीत म्हटले गेले. जंगल खात्याने फांद्या तोडण्यावर बंधने आणली, लोक खवळले, आणि १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या राबाच्या तक्रारी त्यापुढे होत्या.

शेतकरी काय अडाणी होता? जाळताना पाल्यातले नत्र आणि गंधक उडून जाते, हे खरे. पण स्फुरद आणि पालाश बहुतेक राखेत राहते. तणाचे बी मरते. आंबट मातीचा आंबटपणा राखेने त्या वाफ्यापुरता कमी होतो, आणि आंबटपणा कमी झाला की लोहाची पकड ढिली होते. पुस्तक न वाचता शेतकऱ्याने कुलपाची एक किल्ली शोधून काढली होती. दोष एवढाच, की एका वाफ्यासाठी कित्येक झाडांचा पाला लागे, आणि डोंगर उघडे पडले तसा पालाही मिळेना.

इथे पुढचे पाऊल पडले ते १९९० नंतरच्या दशकात. भाताच्या खतावर अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले डॉ. एन. के. सावंत यांनी रायगड जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या शिवारात चाचण्या घेऊन एक पद्धत बसवली. तिचे नाव चारसूत्री भातशेती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनीही त्यावर काम केले. सूत्रे अशी :

पहिले, भाताचे अवशेष भातालाच परत. रोपवाटिकेत तुसाची काळी राख आणि लावणीच्या शेतात पेंढ्याचा काही भाग.

दुसरे, बांधावरच्या गिरीपुष्पाचा, म्हणजे आपल्याकडच्या उंदीरमारीचा, हिरवा पाला. गुंठ्याला ३० किलो, चिखलात गाडून.

तिसरे, दोरीवर नियंत्रित लावणी. १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून अंतर, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन होतो.

चौथे, युरिया आणि डीएपी ६० : ४० प्रमाणात दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी. चार चुडांच्या चौकोनात मधोमध, चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल, हाताने रोवायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे जवळपास १७० किलो खत, एकदाच.

खोल युरियाचीच अशी गोळी बांगलादेशात ‘गुटी युरिया’ म्हणून लाखो शेतकऱ्यांच्या हाती गेली. म्हणजे ही काही एखाद्या प्रयोगशाळेची हौस नव्हती.

पाला किती देतो, गोळी किती देते?

आता हिशोब करू. हिशोब केल्याशिवाय संघटनेच्या माणसाने कशालाच मान डोलवू नये.

गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला. वाळला की साधारण साडेसात किलो. त्यात ३ टक्के नत्र धरले तर सव्वादोनशे ग्रॅम नत्र झाले. स्फुरद मूलद्रव्य म्हणून ०.२ टक्का धरले आणि खताच्या पोत्यावरच्या मापात आणले, तर झाले अवघे ३५ ग्रॅम. त्याच गुंठ्यात गोळ्यांतून जाते सुमारे ५८५ ग्रॅम नत्र आणि ३१० ग्रॅम स्फुरद.

बघा, पाल्याने नत्राची बरीच सोय केली. गोळीतल्या नत्राच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त त्याने दिले. पण स्फुरद दिले नवव्या हिश्शाएवढे. मग पाल्याचा स्फुरदाला उपयोग काय? उपयोग वजनात नाही, कामात आहे. पाला कुजताना सेंद्रिय आम्ले निघतात. ती लोहाला, ॲल्युमिनियमला, चुन्याला गुंतवून ठेवतात, त्यामुळे स्फुरद तेवढे मोकळे राहते. जिवाणूंना खाद्य मिळते, ते स्फुरद स्वतःच्या अंगात घेतात आणि मेल्यावर मुळाला सोडतात. मातीच्या कुलपापेक्षा जिवाणूच्या पोटातले स्फुरद पिकाला लवकर भेटते.

आणि गोळी काय करते? एका जागी एकवट असल्यामुळे तिचा मातीशी संबंध कमी येतो, म्हणून अडकणे कमी होते. मुळाच्या वाटेवरच ती असते.

तेव्हा पेण-रोह्याचा धडा एका वाक्यात सांगायचा तर असा : पाला किल्ली आहे, खत धान्य आहे. नुसत्या किल्लीने पोट भरत नाही आणि नुसते धान्य कुलपाआड ठेवून उपयोग नाही.

काडीकचऱ्यातून स्फुरद जन्मत नाही

हे वाक्य आम्ही मुद्दाम ठळक सांगतो, कारण गावोगाव दोन प्रकारचे उपदेशक फिरतात. एक म्हणतो, पोते टाका, बाकी काही बघू नका. दुसरा म्हणतो, पोत्याला शिवू नका, जमिनीत सगळे आहे.

नत्र हवेतून येऊ शकते. तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्या गाठी ते आणतात. स्फुरद हवेत नाही. ते दगडातून येते आणि धान्यातून जाते. दहा क्विंटल ज्वारी बाजारात गेली की तिच्याबरोबर पोत्याच्या मापाने सुमारे ७ किलो स्फुरद शिवाराबाहेर गेले. कपाशीचेही तसेच. रुईत स्फुरद नावालाच असते, खरे स्फुरद सरकीत. सरकी जिनात गेली, तिथून तेलघाणीत, आणि पेंड कुठल्या शहराजवळच्या गोठ्यात. आपल्या शिवाराचे स्फुरद दुसऱ्याच्या उकिरड्यावर. पूर्वी सरकी घरच्या बैलाला मिळे आणि शेण घरच्या शेतात पडे, तेव्हा हे चक्र निदान अर्धे तरी पुरे होत असे.

जमिनीत एकूण स्फुरद शेकडो किलो असते, हेही खरे. पण ते बहुतेक कुलपाआड आहे. त्यातले काही काढता येते, सगळे आणि दरवर्षी काढता येत नाही. श्रीलंकेने २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. भाताचे पीक घसरले, चहा घसरला, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला बंदी मागे घ्यावी लागली. शेतकऱ्याला न विचारता त्याच्या शेतावर तत्त्वज्ञान लादले की काय होते, त्याचा हा दाखला.

दुसऱ्या टोकाचे काय होते तेही आपण भोगले आहे. २५ ऑगस्ट १९९२ रोजी स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचे भावनियंत्रण उठले, युरियावरचे तसेच राहिले. डीएपी एकदम महागले. देशात नत्र, स्फुरद, पालाश वापराचे प्रमाण १९९१-९२ साली ५.९ : २.४ : १ होते, ते एका वर्षात ९.५ : ३.२ : १ झाले. शेतकरी वेडा झाला नव्हता, त्याला जे स्वस्त ठेवले ते त्याने टाकले. २०१० साली पोषकद्रव्यावर आधारित अनुदान आले, तरी युरिया त्याच्या बाहेरच राहिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये डीएपीचे पोते १,९०० रुपयांवर जाण्याची वेळ आली, तेव्हा सरकारने पोत्यामागचे अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केले. पुढे २०२२ साली पोते १,३५० वर गेले. २०२४ च्या रब्बीत डीएपीसाठी रांगा लागल्या, कारण आपले बरेचसे डीएपी आणि त्याचा दगड परदेशातून येतो आणि तिकडे कोणी हात आखडला की इकडे दुकानाचे शटर खाली येते. वर पोत्यासोबत नको असलेली बाटली माथी मारायची, तिला नाव ‘लिंकिंग’.

हे सगळे आपल्या हातात नाही. शेतात टाकलेल्या प्रत्येक किलो स्फुरदातून जास्त काढणे आपल्या हातात आहे.

आपल्याकडे काय चालेल, काय चालणार नाही

चारसूत्रीची नक्कल कोरडवाहूत होणार नाही, हे आधी मान्य करू. ओला पाला चिखलात आठ-पंधरा दिवसांत कुजतो, आपल्याकडे ओल नसेल तर धसकट वर्षभर तसेच राहते. भाताच्या खाचरात पाणी साठले की लोहाची पकड आपोआप ढिली होते, आपल्या चुन्याला ती सवलत नाही. खोल रोवलेली गोळी पाऊस ताणला तर कोरड्या मातीत बसून राहील. पण तीन नियम जसेच्या तसे लागू आहेत.

पहिला नियम : स्फुरद फेकू नका, पेरा. फेकलेले स्फुरद वरच्या दोन बोटे मातीत राहते. ती माती आधी वाळते, आणि मूळ खाली ओलीच्या मागे जाते. दोन चाड्यांच्या पाभरीने ते बियाण्याच्या खाली आणि बाजूला, दोन-अडीच इंचांवर पडले पाहिजे. डीएपी बियाण्याला चिकटू देऊ नका, कमी ओलीत उगवण मार खाते. कपाशी टोबणारांनी आधी काकर पाडून त्यात खत द्यावे, शेजारी बी टोबावे. पीक हातभर झाल्यावर स्फुरद देणे म्हणजे लग्न लागल्यावर अक्षता वाटणे.

दुसरा नियम : मापून द्या. समजा माती परीक्षणावरून कपाशीला हेक्टरी ३० किलो स्फुरदाची शिफारस निघाली. एकरी झाले १२ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद असते. म्हणजे एकरी २६ किलो, अर्धे पोते भरले. सिंगल सुपर फॉस्फेट घेतले तर त्यात १६ टक्के, म्हणून एकरी ७५ किलो, दीड पोते. सुपरमध्ये वर गंधकही येते. आता मनाशी विचारा, आपल्या गावात एकरी किती डीएपी पडते? पूर्ण पोते पडत असेल तर दुसरे अर्धे आपण कुणासाठी टाकतो?

माती परीक्षणाचा कागद वाचतानाही सांभाळा. ओल्सन पद्धतीने स्फुरद हेक्टरी १० किलोखाली असेल तर कमी, २५ च्या वर असेल तर भरपूर, असा ढोबळ ठोकताळा आहे. पण हे आकडे मूलद्रव्य स्फुरदाचे आहेत. पोत्यावरचा स्फुरदाचा आकडा त्याच्या २.२९ पट असतो. कागदावर कोणते माप आहे हे विचारा. न विचारता हिशोब केला की दुपटीची चूक होते. ज्याच्या जमिनीत वर्षानुवर्षे डीएपी पडून भरपूर स्फुरद साठले आहे, त्याने एखादे वर्ष मात्रा कमी केली तरी बिघडत नाही. साठवलेल्याचे व्याज खायला हरकत नाही.

तिसरा नियम : स्फुरद सेंद्रियासोबत द्या. इथे आपल्याला गोळीचा कोरडवाहू भाऊ सापडतो. कोईमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाची जिरायतासाठी शिफारस आहे : हेक्टरी ७५० किलो चांगले कुजलेले शेणखत घ्यायचे, त्यात स्फुरदाची पूर्ण मात्रा मिसळायची, ढीग करून मातीने लिंपून महिनाभर मुरू द्यायचा आणि मग ओळीत द्यायचा. एकराला झाले ३०० किलो शेणखत आणि आपल्या हिशोबाचे ७५ किलो सुपर. ३०० किलो म्हणजे अर्ध्या गाडीचा मामला. एकरी पाच गाड्या शेणखत आणायचे कुठून, असे विचारणाऱ्याला हे उत्तर आहे. सगळ्या शेतात पसरायला पुरणार नाही, पण ओळीत द्यायला पुरेल. मे महिन्यात ढीग लावा, पेरणीला तयार.

पऱ्हाटी, धसकटे आणि बांध

आता मोठा प्रश्न. शेणखत कमी, कारण जनावरे कमी. मग काडीकचरा?

पऱ्हाटी लाकडी आहे. तिच्यात स्फुरद फार थोडे आणि कर्ब भरमसाट. अशी काडी जून महिन्यात मातीत मिसळली तर ती कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र आणि स्फुरद उचलतात आणि कोवळे पीक पिवळे पडते. म्हणून पऱ्हाटी आधी बारीक करा आणि खड्ड्यात शेणकाला घालून पावसाळाभर कुजवा, किंवा यंत्राने भुगा करून रानात पसरली तर पेरणीबरोबरचे नत्र थोडे वाढवा. पऱ्हाट्या जळण म्हणून घरात लागतात, हे आमच्या मायबहिणी आम्हाला सांगतील. ते बरोबरच आहे. मग निदान चुलीची राख उकिरड्यावर नेऊन शेणात मिसळा, रस्त्याच्या कडेला फेकू नका. तिच्यात पालाश आहे, थोडे स्फुरदही आहे. शेताच्या कोपऱ्यात ढीग लावून पेटवलेली पऱ्हाटी मात्र कोणाच्याच कामाची नाही. राख एका जागी पडते आणि वारा नेतो. आणि बोंडांसकट पऱ्हाटीचे उघडे ढीग जूनपर्यंत ठेवणे म्हणजे गुलाबी बोंडअळीला घरजावई करणे. २०१७ साली तिने काय केले ते सांगायला नको.

ज्वारीचा कडबा जनावराचा, त्यावर आपला हक्क नाही. पण धसकटे आणि मुळे शेतात राहू द्या. वेचून जाळू नका.

दगडाचे स्फुरद, म्हणजे रॉक फॉस्फेट, स्वस्त मिळते म्हणून काळ्या रानात थेट टाकू नका. पेण-रोह्याच्या आंबट मातीत ते हळूहळू विरघळते, आपल्या चुनखडीत ते दगडच राहते. ते वापरायचे तर कंपोस्टच्या खड्ड्यात, काडीकचऱ्याच्या थरांत. तिथली आम्ले त्याला फोडतात.

गिरीपुष्प मात्र पेण-रोह्याकडून उचलण्यासारखे आहे. बांधावर लावले की छाटणीला पुन्हा फुटते, मोकाट जनावर फारसे तोंड लावत नाही. तिकडच्या पावसात फांदी खोचली तरी जगते, आपल्याकडे बियांपासून पिशवीत रोपे करून लावलेली बरी. दोन ओळींत पाला पसरला तर नत्र मिळते, ओल टिकते. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने रब्बी ज्वारीला निम्मे नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मे युरियातून देण्याची शिफारस पूर्वीच केली आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून काळ्या जमिनीत ज्वारी-गव्हावर दीर्घ मुदतीचा खतांचा प्रयोग चालला. त्यानेही तेच दाखवले. नुसत्या नत्रावर जमीन खचत जाते, आणि शिफारशीच्या खतासोबत शेणखत दिलेला तुकडा टिकून राहतो.

आणि आपली तूर विसरू नका. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये १९९० साली शास्त्रज्ञांनी दाखवले, की तुरीचे मूळ एक आम्ल सोडते आणि लोहात अडकलेले स्फुरद मोकळे करते. हे तांबड्या मातीत. काळ्या मातीत चुन्यातले स्फुरद सोडवायला हरभऱ्याच्या मुळाचे आम्ल कामी येते. तुरीचा पाला आपल्याकडे गळतोच, तो वखरावा. कपाशीत तुरीची ओळ आणि ज्वारीनंतर हरभरा ही आजोबांची फेरपालट म्हणजे स्फुरदाचेच शास्त्र होते. जिवाणू खताचे पाकीट वापरायला हरकत नाही, पण ज्या मातीत सेंद्रिय खाद्य नाही तिथे ते जिवाणू जगायचे कशावर?

संघटना यात कुठे बसते?

शरद जोशींनी १० नोव्हेंबर १९९१ रोजी शेगावला चतुरंग शेती मांडली. तिचे पहिले अंग सीताशेती, म्हणजे विकतच्या निविष्ठांचा खर्च कमी करून जमिनीची काळजी घेणारी शेती. काहींनी त्याचा अर्थ लावला, की संघटनेने भावाचा प्रश्न सोडला. तसे नव्हते. लढाईत उतरणाऱ्याने आधी स्वतःची रसद राखायची असते. ज्याचे खळे उधारीच्या खतावर उभे आहे, तो बाजारात माल रोखून धरू शकत नाही. खर्चात वाचलेला पैसा हा भावाला पर्याय नाही, तो भावासाठी थांबण्याची ताकद आहे.

कुलाब्याच्या शेतकऱ्याला हे फार जुने ठाऊक आहे. १९३३ साली चरीला जो संप सुरू झाला तो १९३९ पर्यंत चालला. कुळांनी वर्षानुवर्षे जमीन पेरली नाही, पण वाकले नाहीत. त्याच जिल्ह्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान केले. मातीला किंमत आहे असे ज्यांना वाटते, तेच मातीसाठी उभे राहतात. पंधरा वर्षे नुसता युरिया खाऊन दगड झालेली जमीन विकताना माणसाला वाईटही वाटत नाही.

सरकारकडे आमचे मागणे साधे आहे. माती परीक्षणाचा कागद पेरणीआधी द्या, पीक निघाल्यावर नको. युरियाला एक न्याय आणि स्फुरदाला दुसरा, हा भेद मिटवा. सुपर आणि डीएपी यांतले काय घ्यायचे ते शेतकरी ठरवील, दुकानात लिंकिंग नको. आणि सेंद्रियाचा उपदेश करायचा तर त्या मालाला भाव मिळेल अशी बाजारपेठ मोकळी ठेवा, निर्यातबंदीचा धोंडा घालू नका.

पुढच्या बैठकीपर्यंतचे काम

आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. करून बघा. प्रत्येक गावातून निदान पाच जणांनी एकाच सारख्या रानात पाच-पाच गुंठ्यांचे चार पट्टे आखावेत. वाण, पेरणी, डवरणी, फवारणी सगळे सारखे.

पहिल्या पट्ट्यात स्फुरद अजिबात नाही.
दुसऱ्यात सव्वातीन किलो डीएपी, ओळीत पेरून.
तिसऱ्यात साडेनऊ किलो सुपर, ३८ किलो शेणखतात महिनाभर मुरवून, ओळीत.
चौथ्यात तेच ३८ किलो शेणखत, सुपरशिवाय.

डीएपीतून नत्रही येते, म्हणून दुसरा पट्टा सोडून बाकी तिघांना पेरणीच्या वेळी सव्वा-सव्वा किलो युरिया जास्त द्या. नाहीतर नत्राचे श्रेय स्फुरदाला जाईल. प्रत्येक वेच्याचे वजन वेगळे लिहा, खर्च वेगळा लिहा. ज्वारी असेल तर कणसाबरोबर कडब्याचेही वजन घ्या.

पहिला आणि दुसरा पट्टा सारखाच पिकला, तर तुमच्या जमिनीत स्फुरद साठलेले आहे, पुढच्या वर्षी डीएपीचे पैसे घरात ठेवा. तिसरा दुसऱ्याच्या पुढे गेला, तर मे महिन्यात ढीग लावण्याची मेहनत वसूल झाली. चौथा तिसऱ्याच्या बरोबरीने आला, तर आम्हाला बैठकीत उभे करून विचारा, आम्ही तुमच्या वहीसमोर बसून पुन्हा हिशोब करू.

जिल्ह्यातली दहा गावे मिळून पन्नास शेते झाली, तर आपल्या हाती जो आकडा येईल तो आपल्या मातीचा असेल. दुकानदाराच्या फळ्यावरचा नाही आणि उपदेशकाच्या पोथीतलाही नाही. बियाण्याच्या थैलीबरोबर एक वही घ्या आणि पुढच्या बैठकीला ती घेऊन या.